लँडमास्टरमधली गिरणी

‘ओरिजिनल’ हा शब्द कानावर पडला की अजूनही माझं डोकं फिरतं. साडीच्या दुकानात कोणी ‘ओरिजिनल पैठणी’ म्हटलं तरी मी उठून बाहेर येते. बरोबरच्या मैत्रिणींना हे विचित्र वाटतं, आणि मी त्यांना कारण सांगत बसत नाही. ते कारण ओतीव लोखंडाचं होतं, चार सिलिंडरचं होतं, आणि माझ्या भावाने ते बाबांच्या पंचाहत्तरीची भेट म्हणून भंगारात घातलं.

आमच्याकडे लँडमास्टर होती. हल्ली ॲम्बॅसेडरच कोणाला आठवत नाही, तर लँडमास्टर कुठली आठवायला. ॲम्बॅसेडरच्या आधीची गाडी ती. तशीच गोलमटोल, मागे उतरत गेलेली, बारक्या दिव्यांची. सदाशिव पेठेतल्या एका डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा बाबांनी ती त्यांच्याकडून घेतली. मी तेव्हा शाळेत होते आणि भाऊ अजून रांगत होता. गाडी आली त्या दिवशी आईने तिला ओवाळलं आणि बाबांना विचारलं की अहो, हिला ठेवणार कुठे. कोथरूडला आमच्या इमारतीत तेव्हा सगळ्यांच्या स्कूटर होत्या, आणि पार्किंग म्हणजे काय हे ठरायचं होतं.

बाबांना गाड्यांचा नाद होता, पण तो डोळ्यांचा नव्हता, कानांचा होता. रविवारी सकाळी त्यांची चार-पाच टाळकी एका अमृततुल्यापाशी जमायची आणि रस्त्याकडे पाठ करून बाकावर बसायची. मागून गाडी गेली की प्रत्येकाने ती कोणती ते सांगायचं, आणि सगळ्यांचं सांगून होईपर्यंत कोणी मान वळवायची नाही, असा कडक नियम होता. आई म्हणायची, रस्त्यावर गाड्या जेमतेम तीन प्रकारच्या, यात कसली आलीये परीक्षा. पण बाबा नुसती गाडी सांगून थांबत नसत. हिचा सायलेन्सर फुटलाय, हिचे टॅपेट वाजतायत, हिचा मालक क्लचवर पाय ठेवून चालवतो, असं सगळं सांगायचे. घरीसुद्धा गॅलरीत पेपर वाचताना मान वर न करता खालून काय गेलं ते बोलून टाकायचे. पुढे नव्या गाड्या आल्या आणि सगळ्यांचा आवाज एकाच मिक्सरमधून काढल्यासारखा येऊ लागला, तेव्हा बाबा चिडले. म्हणाले, यांना आवाजच नाही, ओळखायचं काय.

नव्या गाड्यांबरोबर आणखीही काही आलं. बाबा पिंपरीकडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. परदेशी भागीदार आला, नवी मशिनं आली, आणि पन्नाशी ओलांडलेल्या लोकांना बोलावून स्वेच्छानिवृत्तीचे कागद पुढे सरकवले गेले. इच्छा सगळी कंपनीची होती. बाबा त्रेपन्न वर्षांचे होते. सकाळी साडेसहाच्या बसला जाणारा माणूस साडेसहाला उठून, दाढी करून, बूट घालून गॅलरीत बसू लागला. मला त्या बुटांचा राग यायचा. म्हणजे बुटांचा नाही, ज्यांनी ते कागद पुढे सरकवले त्यांचा, पण ते समोर नव्हते आणि बूट होते.

त्याच उन्हाळ्यात लँडमास्टरचं इंजिन गेलं. क्रँकच तुटला. सुटे भाग कुठे मिळेनात. बाबांचे बाकावरचे मित्रसुद्धा म्हणाले, आता विकून टाक वजनावर. बाबा आणि इंजिन एकदमच निकामी ठरले होते, आणि घरात कोणी हे बोलत नसलं तरी सगळ्यांना दिसत होतं. मग एक दिवस बाबा मंडईतून भाजीऐवजी एक बातमी घेऊन आले. भाजी वाहणारी एक मॅटाडोर व्हॅन पत्र्याने पार सडली होती, पण तिचं डिझेल इंजिन ठणठणीत होतं. बाबा ते इंजिन टेम्पोत घालून घेऊन आले. आईने भाजी कुठाय विचारलं नाही.

त्यानंतरचं जवळजवळ वर्ष मी विसरणार नाही. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये बाबांनी कारखाना मांडला. तीन पायांचा लोखंडी घोडा आणला, चेनला टांगून जुनं इंजिन काढलं. नवं इंजिन जड आणि लांब, ते त्या जागेत मावेना. म्हणून पुढची आडवी पट्टी कापून खाली घेतली आणि पुन्हा जोडली. इंजिन धरायला नवे ब्रॅकेट केले, त्यासाठी चार नवी भोकं पाडली. वजनाने गाडी पुढून बसली म्हणून टॉर्शन बार चढवून तिचं नाक वर काढलं. सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: ‘पार्किंग हे पार्किंग आहे. कारखाने पिंपरीस आहेत.’ बाबांनी ती वाचली, आणि खाली पेनने लिहिलं, ‘होते.’ एवढंच. नोकरी गेल्यापासून मी त्यांना तोंडभर हसताना क्वचितच पाहिलं होतं, पण त्या दिवशी ते जिना चढताना हसत होते.

गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या कपाटातल्या कपबशा वाजल्या. आई गॅलरीतून खाली वाकून म्हणाली, “अहो, गाडी केलीत की पिठाची गिरणी?”

तेव्हापासून तिचं नाव गिरणी. पंपावरची पोरं जुनी गाडी बघून न विचारता पेट्रोल घालायला निघायची, म्हणून आईने टाकीच्या झाकणावर लाल रंगाने ‘डिझेल’ लिहिलं. आई शाळेत शिकवायची, तिचं अक्षर फळ्यावरचं होतं, टपोरं आणि सरळ. बाबांनी आरटीओत फेऱ्या मारून कागदावरही डिझेल चढवून घेतलं. त्याच सुमारास त्यांना दोन छोट्या कारखान्यांनी मशिनं बघायला बोलावलं, मग आणखी कोणी बोलावलं, आणि बाबा गिरणीतून कामावर जाऊ लागले. बूट पुन्हा कामाला लागले. गिरणी कोपऱ्यावर आली की आवाज घरात यायचा आणि आई चहाचं आधण ठेवायची. बाबा जिना चढून येईपर्यंत चहा कपात असायचा.

हा आवाज माझ्या भावाला कधीच आवडला नाही. कॉलेजात असताना तो बाबांना अलीकडच्या चौकातच उतरवायला सांगायचा. कम्प्युटर शिकला, अमेरिकेला गेला, तेव्हा विमानतळावर सोडायला बाबांनी गिरणी काढली आणि त्याने आदल्या दिवशीच टॅक्सी ठरवून ठेवली होती. बाबा म्हणाले, बरं झालं, डिक्कीत तुझ्या बॅगा मावल्या नसत्या. डिक्कीत तशा चार बॅगा मावल्या असत्या.

आई गेली त्यानंतर. बाबा गिरणी काढतच राहिले, आता कामासाठी कमी आणि भाजीसाठी जास्त. मी त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहायला आले होते. कोपऱ्यावरून आवाज आला की मी खाली त्यांच्याकडे जाऊन आधण ठेवायची. हे आमचं कधी ठरलं नव्हतं.

आणि मग भाऊ परत आला. हिंजवडीला मोठ्या पदावर, बाणेरला मोठा फ्लॅट, आणि हाताशी रविवार मोकळे. आपल्या देशात काहीतरी जुनं जपलं पाहिजे असं त्याला वाटू लागलं होतं. जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांचा एक गट त्याला सापडला. मी कितीही चिडले असले तरी हे मान्य करते की ही माणसं गाड्यांची खरोखर वेडी होती. मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये कोणीतरी नुसत्या दाराच्या कडीचा फोटो टाकायचं, खाली ‘ओळखा’ लिहायचं, आणि पाच मिनिटांत तिघंजण सांगायचे की ही अमुक सालची अमुक गाडी, आणि कडी उलटी बसवलीय. कुठल्या जीपमध्ये कोणी जपानी इंजिन बसवलंय, कुठल्या हेराल्डमध्ये व्हॅनचं, हे त्यांना सगळं ठाऊक असे. बाबांना मी हा ग्रुप दाखवला तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, आमच्या बाकापेक्षा हुशार आहेत, फक्त आवाज येत नाही.

गटाचा म्होरक्या एक दाढीवाला होता. चाळिशीचा, दिवसा सॉफ्टवेअर, शनिवार-रविवार स्वतःचं गॅरेज. भावाने त्याला गिरणी दाखवली. मग मला फोन केला की पंचाहत्तरीच्या आधी बाबांच्या गाडीचं डेंटिंग-पेंटिंग करून देऊ. मी स्पष्ट विचारलं, फक्त रंग ना. तो म्हणाला, हो गं ताई, फक्त रंग. बाबांनाही गाडी रंगवायची होतीच. त्यांनी किल्ली दिली, आणि गाडी नेताना दाढीवाल्याला सांगितलं की थंडीत सुरू करताना हीटर जरा जास्त वेळ दाबा, डिझेल इंजिन आतून तापल्याशिवाय उठत नाही. दाढीवाल्याने मान डोलावली. त्याला तेव्हाच माहीत होतं की तो हीटर पुन्हा कोणी दाबणार नाही. मान डोलावताना त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, याचा मला आजही संताप येतो.

पंचाहत्तरीच्या दिवशी घरी माणसं जमली होती. बाबा नवा सदरा घालून गॅलरीत बसले होते. मी त्यांच्या शेजारी उभी होते. कोपऱ्यावरून एक गाडी वळली. गुळगुळीत, मंद आवाज. बाबांनी नेहमीप्रमाणे मान वर केली नाही, पण त्यांचा हात माझ्या मनगटावर आला.

“अगं, ऐक,” ते म्हणाले, “लँडमास्टर. पेट्रोलची.”

मी म्हटलं, काहीतरीच काय.

“अगं खरंच. जुनं इंजिन आहे, मुळातलं. टायमिंग काय सुंदर लावलंय. पुण्यात आणखी एक लँडमास्टर आली बघ कोणाची तरी.”

त्यांचा चेहरा मी सांगू शकत नाही. एवढा आनंद आई गेल्यापासून मी पाहिला नव्हता. आपल्यासारखाच आणखी एक वेडा या शहरात आहे, आणि तो आत्ता खाली उभा आहे, असा तो आनंद होता. काठी न घेता, चपला न घालता ते जिना उतरायला लागले. मी मागून धावले. खाली फिक्या निळ्या रंगाची, आरशासारखी चकचकीत लँडमास्टर उभी होती. बाबा तिच्याकडे हात पुढे करून चालत गेले आणि नंबराच्या पाटीपाशी थांबले. पाटीवर आमचा नंबर होता.

भावाने लाल रिबिनीत बांधलेली किल्ली पुढे केली. मागोमाग उतरलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. दाढीवाला मोबाईल धरून सगळं चित्रित करत होता, कारण हे म्हातारे आता रडणार अशी त्याची अपेक्षा होती. बाबा रडले नाहीत. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. टाकीच्या झाकणावर हात फिरवला, तिथेही निळा रंग गुळगुळीत होता. “छान,” ते म्हणाले. पुण्यात हा शब्द कोणत्या सुरात म्हटला की त्याचा काय अर्थ होतो हे ज्यांना कळतं त्यांनी टाळ्या थांबवल्या.

“माझ्याचं काय केलंत?” बाबांनी विचारलं.

“काय, बाबा?”

“इंजिनाचं.”

“ते दिलं, बाबा. भंगार होतं ते.”

बाबा म्हणाले, बरं. मग वर आले, केक कापला, सगळ्यांना हाताने भरवला, भावालाही.

मी भावाला स्वयंपाकघरात गाठलं. मी त्याला जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. फक्त रंग म्हणाला होतास, हे मी पुन्हापुन्हा म्हणत होते. तो म्हणाला, सरप्राइज होतं, आधी सांगून कसं चालेल. कोलकात्याहून ‘ओरिजिनल’ इंजिन शोधून आणलं होतं म्हणे, केवढी खटपट. मी म्हटलं, म्हणजे हेसुद्धा या गाडीचं नाहीच. या गाडीचं मूळ इंजिन बाबांनी स्वतःच्या हाताने काढून टाकलं होतं, हे कुठल्या तरी तिसऱ्याच गाडीचं, मग यात ओरिजिनल काय आहे? त्याला हे पटलं नाही. त्या जातीचं इंजिन त्या जातीच्या गाडीत, म्हणजे ओरिजिनल, असं त्याचं गणित होतं.

“ताई, भाजीच्या टेम्पोचं इंजिन होतं गं ते,” तो म्हणाला. “जन्मभर जुगाडच करत राहिले बाबा. एकदा तरी त्यांना खरी गाडी मिळावी असं वाटलं मला.”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो मनापासून बोलत होता, आणि त्यामुळे माझा राग कमी न होता वाढला. मुद्दाम केलं असतं तर मी त्याला एक थोबाडीत देऊन मोकळी झाले असते. ज्या वर्षी सगळ्यांनी बाबांना निकामी ठरवलं त्या वर्षी त्यांनी जी एक गोष्ट करून दाखवली, ती या पोराच्या लेखी जुगाड होती, आणि आता त्याच्या प्रेमापोटी ती वितळायला गेली होती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी दाढीवाल्याच्या गॅरेजवर गेले. तो मला मॅडम मॅडम करत होता. म्हणाला, “मॅडम, इमोशन समजतो मी, पण ते लँडमास्टरचं नव्हतंच ना. कॅटलॉगमध्ये कुठेच बसत नाही.” मी म्हटलं, तुम्ही ते कोणाला दिलंत आणि कुठे दिलंत तेवढं सांगा. त्याने भंगारवाल्याचा पत्ता दिला. मी तिथे गेले. भंगारवाला भला माणूस होता. त्याने शेड दाखवली आणि सांगितलं की बाई, ते त्याच आठवड्यात फोडलं. लोखंड वेगळं, ॲल्युमिनियम वेगळं. घण घालायला दोन माणसं लागली, मजबूत होतं, असंही तो म्हणाला. त्याला वाटलं मला बरं वाटेल.

बाबा यावर एक अक्षर बोलले नाहीत. मीच धुमसत राहिले. मला वाटायचं, एकदा तरी ओरडा, भांडी आपटा. ते गॅलरीत बसून पेपर वाचायचे. नवी निळी गाडी त्यांनी स्वतःहून बाहेर काढली नाही. भाजी मी चालत जाऊन आणायला लागले, आणि आधण कधी ठेवायचं हे मला घड्याळात बघावं लागे.

थंडीत गटाचं मोठं प्रदर्शन होतं, हिंजवडीच्या अलीकडे एका हॉटेलच्या हिरवळीवर. भावाने आमच्या गाडीचं नाव घातलं होतं. मी जाणार नव्हते. बाबा म्हणाले, चल, गाड्या बघू. एवढ्या गाड्या एका जागी आवाज न करता उभ्या असलेल्या मी कधी बघितल्या नव्हत्या. प्रत्येकीपुढे एक फलक. आमच्या गाडीपुढच्या फलकावर लिहिलं होतं की ही गाडी अनेक वर्षांच्या दुर्लक्षातून वाचवून तिला मूळ रूप देण्यात आलं आहे. बाबांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून तो फलक वाचला. ज्या माणसाने ती गाडी दर रविवारी स्वतः धुतली, त्याला मी ‘दुर्लक्ष’ हा शब्द वाचताना पाहिलं. मला तो फलक उपटून कोणाच्या तरी डोक्यात घालायचा होता.

तेवढ्यात गटातल्या चार-पाच जणांनी गाडीचा ताबा घेतला. त्यांचा खेळ सुरू झाला. एकजण टॉर्च घेऊन खाली आडवा झाला. म्हणाला, इथे चार जादा भोकं भरलेली आहेत, ओळखा. दुसरा म्हणाला, आडवी पट्टी कापून खाली घेतलीय, म्हणजे लांब इंजिन होतं. टॉर्शन बारवर चढवल्याच्या खुणा आहेत, म्हणजे वजनदार. डॅशबोर्डला आतून एक भोक बुजवलंय. “हीटर स्विच,” तिसरा म्हणाला, “डिझेल होतं.” आडवा झालेला आणखी आत सरकला आणि म्हणाला, “मॅटाडोर. शंभर टक्के मॅटाडोर. कोणत्या कसायाने केलं हे?”

“मी,” बाबा म्हणाले.

ते सगळे वळले. आडवा झालेला घाईने उठला आणि त्याचं डोकं दाराला आपटलं. मी तयार होते. बाबा आता यांना झाडतील असं मला वाटलं, आणि मी त्याचीच वाट बघत होते. पण बाबा चक्क हसत होते.

“अगदी बरोबर ओळखलंत,” ते म्हणाले. “उजवीकडचं मागचं भोक थोडं तिरकं गेलंय, ते बघितलंत का?”

ते सगळे पुन्हा वाकले. भोक बघितलं. मग बाबांना प्रश्नावर प्रश्न विचारू लागले. गिअरबॉक्स कोणता वापरला, शाफ्ट कापला का, तापायची का, घाट चढायची का. बाबा उत्तरं देत होते, हाताने हवेत इंजिनाचा आकार काढत होते. बाकावरच्या रविवारसारखा त्यांचा आवाज चढला होता. आणि त्या घोळक्यात येऊन उभा राहिलेला दाढीवाला, सगळं ऐकून, अगदी मनापासून म्हणाला, “काका, इंजिन असतं ना, तर बघायला काय मजा आली असती.”

मी म्हटलं, “तुम्हीच फोडायला दिलंत ते.”

 दाढीवाल्याने बाबांकडे पाहिलं, जणू बाबा त्याला माझ्यापासून सोडवतील. बाबांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, चल, ऊन व्हायला लागलं. आमच्या गाडीला चषक मिळाला. भाऊ जेवणासाठी मागे थांबला आणि चषक मागच्या सीटवर ठेवून त्याने आम्हाला पुढे पाठवलं.

गाडी मी चालवत होते. हायवेवर ती बरी चालली. बावधनपासून चांदणी चौकाचा चढ लागतो, तिथे भर दुपारी ती दोन आचके देऊन बंद पडली. गिरणी या चढावर पाच माणसं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन दुसऱ्या गिअरवर गेलेली आहे. मागून हॉर्न सुरू झाले. मी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर हात आपटला.

बाबा आधीच उतरले होते. मी बॉनेट वर करून धरलं. त्यांनी सदऱ्याची बाही मागे सारली आणि डावीकडे, खाली, न बघता हात घातला. त्या जागी मॅटाडोरच्या इंजिनाला एक छोटा हातपंप होता. डिझेलमध्ये हवा शिरून गाडी अडली की अंगठ्याने तो दाबायचा, आतली हवा काढायची आणि पुन्हा स्टार्टर मारायचा. इतक्या वर्षांत बाबांनी तो किती वेळा दाबला असेल. आता त्या जागी काही नव्हतं. त्यांचा अंगठा एकदा खाली गेला, पुन्हा वर आला, पुन्हा खाली गेला. मग थांबला. हात त्यांनी बाहेर काढला नाही.

“इथे होता,” ते म्हणाले.

पंचाहत्तरीच्या दिवसानंतर ते इंजिन गेल्याबद्दल बाबांनी काढलेलं हे एकमेव वाक्य, आणि ते त्यांनी मला सांगितलं असंही नाही.

बॉनेट धरून माझे हात भरून आले होते, तरी मी ते खाली घेतलं नाही, कारण त्यांचा हात अजून आत होता. शेजारून जाणाऱ्या गाड्या आमच्यापाशी हळू होत होत्या. एवढी सुंदर जुनी गाडी रस्त्यात बघायला मिळाली म्हणून काचा खाली करून लोक मोबाईलवर फोटो काढत होते. एकाने अंगठा वर करून मला दाद दिली. त्यातले काही फोटो संध्याकाळपर्यंत ग्रुपमध्ये आले, खाली ‘ओळखा’ असं लिहून. गाडी सगळ्यांनी लगेच ओळखली, साल सांगितलं, रंग त्या सालच्या यादीतला आहे हेही सांगितलं. एका फोटोत बाबांचा कोपरापर्यंत आत गेलेला हात स्पष्ट दिसत होता, आणि त्याबद्दल कोणीही काही विचारलं नव्हतं.